आसरांचे तीन दगड

सुपडूनानांच्या विहिरीच्या काठावरून मी तीन दगड चोरले. तेल-शेंदूर लावलेले, देव म्हणून मांडलेले दगड. हे मी यंदाचा उन्हाळा येईपर्यंत कुणापाशी बोललो नाही — बायकोपाशी नाही, भावापाशी नाही, ज्यांना खूश करायला चोरले त्या साहेबांपाशीही नाही.

हं. लिहून झालं एकदाचं. तुम्ही म्हणाल, एवढंच? दगडच ना? इतकी वर्षं मी स्वतःला हेच ऐकवत आलो — दगड तर होते! म्हणून आताच सांगून ठेवतो, चोरी हा यातला सगळ्यात लहान भाग आहे. मोठा भाग पुढे आहे, आणि तिथपर्यंत सरळ चालत जायचं धैर्य माझ्यात नाही. मी वळसे घेत जाईन. तुम्ही कंटाळलात तर तो तुमचा दोष नाही.

आणि मध्येच माझा आवाज चढला तर समजून वगैरे घेऊ नका. समजून घेणाऱ्यांचा मला वीट आलाय. मला सगळ्यांनी फार समजून घेतलं. मास्तर साधा माणूस, मास्तर देशाचं काम करतो, मास्तर कशाला खोटं बोलेल? — याच शब्दांनी एक माणूस मारला गेला. मेला नाही. पण मारला गेला.

स्वातंत्र्य येऊन तेव्हा थोडी वर्षं झाली होती. मी धुळ्याला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकवायला होतो, पस्तिशी गाठलेला, अजून कायम न झालेला. खडक तपासायच्या मायक्रोस्कोपात एक लोलक असतो. साखरेचा कस पाहायच्या यंत्रातही असतो. तो एका दगडापासून घडवतात — कॅल्साइट म्हणतात त्याला, पण साधासुधा नव्हे, पाण्यासारखा आरपार. कागदावर एक ठिपका काढा आणि हा दगड त्यावर ठेवा, ठिपके दोन दिसतात. असा दगड आपल्याकडे बाहेरदेशातून यायचा. लढाईच्या वर्षांत तो यायचा बंद झाला आणि लोलक फुटलेली यंत्रं कपाटात जाऊन बसली. मी स्वतः त्यांच्यावर फडकी टाकली होती. म्हणून नवं सरकार आल्यावर एक योजना निघाली — हा दगड आपल्याच जमिनीत शोधायचा. पुन्हा कुणाच्या तोंडाकडे पाहायची वेळ येऊ नये.

आपला खानदेश म्हणजे काळा खडक. त्या खडकाच्या पोटात कुठेकुठे पोकळ्या असतात आणि पोकळ्यांत हे दगड वाढलेले असतात. पण खडकाचं पोट कोण फाडून पाहणार? विहीर खणणारेच. तेव्हा माझं काम असं ठरलं — जिथे विहीर चालू असेल तिथे जायचं, वर टाकलेल्या दगडांच्या ढिगात बसायचं, चकाकणारा तुकडा दिसला की ठिपक्यावर धरायचा.

हे काम खरं होतं. आजही म्हणतो, खरं होतं. लबाड होतो तो मी.

आग्रा रोडवर नरडाण्याला उतरून आत चालत गेलं की एक गाव लागतं. नाव लिहीत नाही. तिथे सुपडूनाना पाटलांच्या वावरात विहीर चालली होती. नाना कपाशीवाले, हाडापेराने दांडगे, बोलायला तिखट. मी पहिल्या दिवशी ढिगात बसलो होतो तेव्हा ते काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ पाहत राहिले.

“दगडं देखाले इतला लांब उनात?” ते म्हणाले. “आम्हना वावरमा बठ्ठा दगडंच शेतस. भरीसन लई जा.”

दगड बघायला एवढ्या लांबून आलो, यावर सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने हसला तो खाली विहिरीत उभा असलेला माणूस. हसणं विहिरीतून घुमून वर आलं. तो हणमंता.

हणमंता गावचा नव्हता. विहिरी खणत गावोगाव फिरणारी ती माणसं — जिथे काम तिथे पाल ठोकायचं. सुरुंग ठासण्यात त्याचा हात पक्का होता आणि जीभ त्याहून. थापा तर अशा मारायचा! कुठल्याशा राजाच्या वाड्यात त्याने विहीर खणली आणि राजाने त्याला हत्तीवर बसवलं. हत्तीचा रंग दर वेळी बदलायचा. दारू प्यायचा, प्याला की गायचा, गायला की त्याची बायको यल्लम्मा पालाबाहेर येऊन त्याला शिव्या घालायची आणि तिच्या शिव्यांनाही तो ताल धरायचा. मला तो आवडायचा. हे लिहायला हवं ना? मला तो आवडायचा.

एका सकाळी पहार आत गेली आणि पोकळ आवाज आला. मी दोराने खाली उतरलो. खडकात रांजणाएवढी पोकळी होती आणि तिच्या आतल्या भिंतीवर दगड वाढले होते — काही दुधी, काही पिवळसर, आणि मधोमध काही असे, की त्यांच्यामागची काळी भिंत स्वच्छ दिसत होती. मी एकच बोललो — इथे सुरुंग लावू नकोस. धक्क्याने या दगडाला आतून चिरा जातात. एक चीर गेली की तो कामातून गेला.

“साहेब,” हणमंता म्हणाला, “दगड आहे का बाळंतीण? एवढं जपायचं?”

पण जपलं त्याने. छन्नीने, बोटाएवढं बोटाएवढं, कडेने खडक फोडत राहिला. त्याचे गडी कुरकुरले, नाना वरून ओरडले की काम लांबतंय, तरी तो हटला नाही. का केलं त्याने हे? मी त्याला चिमूटभर तंबाखूखेरीज काही दिलं नव्हतं. मी फक्त सांगितलं होतं, की असा दगड सबंध देशात मिळत नाही, मोठमोठ्या शहरांत लोक त्याच्यासाठी डोळे लावून बसलेत. तेवढ्यावर तो फुगला. गावभर सांगत सुटला, “माझ्या हातचा दगड दिल्लीला जाणार! आसरांना म्हणावं, डोळे उघडा, तुमच्या घरातलं जवाहीर निघालं.”

हे त्याचं बोलणं ध्यानात ठेवा. पुढे हेच त्याच्या गळ्यात बांधलं गेलं. आणि त्याच्या तोंडी ते घातलं होतं मी.

दगड निघाले आणि मागोमाग पाणी लागलं. आमच्याकडे नव्या विहिरीला पाणी लागलं की तळातलेच सात दगड काढून काठावर मांडतात. तेल लावतात, शेंदूर लावतात. त्या साती आसरा — पाण्याच्या धनिणी. त्यांची मर्जी राहिली तर पाणी राहील. नानांच्या मालकीण, यमुनाअक्का, दगड निवडायला बसल्या. कुणीही निवडेल तेच त्यांनी निवडलं — जे मोठे होते ते. त्यांत चार दुधी होते. आणि तीन ते होते. आरपार.

मी हात जोडून मागितले. खरंच मागितले. म्हटलं, अक्का, हे तीन मला द्या, त्यांच्या जागी दुसरे देतो.

“चांगलं शे ते पहिले देवले,” अक्का म्हणाल्या. “राह्यलं ते तुम्हले.”

राग नव्हता त्यांच्या बोलण्यात. वर म्हणाल्या की पुढच्या साली दुसरी विहीर काढायची आहे, हणमंतालाच सांगितलंय, त्यातलं निघेल ते तुमचं. झालं. प्रश्न मिटला होता. एक वर्ष थांबायचं होतं मला. दगड लाखो वर्षं थांबला होता. मला एक वर्ष थांबता आलं नाही!

साहेब महिनाअखेर येणार होते. योजनेचे साहेब, बाहेरगावचे. त्यांनी मागच्या खेपेला सांगून ठेवलं होतं, हाती काही लागलं तर तुमचं कायम करायचं, बढतीचं बघतो. मी देश देश म्हणत होतो. पोटात बढती होती. आता इतक्या वर्षांनी तरी नीट सांगू द्या — पोटात बढती होती.

बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, गाव रिकामं असताना मी विहिरीवर गेलो. तिन्ही दगड उचलले. धोतराच्या सोग्याने शेंदूर पुसला, तरी बोटं लाल झाली. त्याच विहिरीचं पाणी शेंदून मी त्यांच्याच काठावर हात धुतले. नमुन्यांच्या पिशवीत दगड टाकले. परत जाताना वाटेत हणमंताचं पाल होतं. यल्लम्माने हाक मारली, उन्हाचे कुठे निघालात साहेब, पाणी तरी प्या. पिशवी खांद्याला होती. मी थांबलो, तिने दिलेला तांब्या तोंडाला लावला, सगळं पाणी प्यायलो.

कसं उतरलं ते पाणी घशाखाली? उतरलं. छान थंड होतं.

धुळ्याला आल्यावर तेलाचा थर काढायला मी दगड गरम सोड्याच्या पाण्यात घातले आणि घाईने काढून गार पाण्यात बुचकळले. टक् — असा आवाज झाला. मग आणखी एक. दोन दगडांच्या पोटात चिरांचं जाळं पसरलं. पहिल्या वर्षाच्या पोरालाही ओरडून सांगतो मी, तापलेला दगड गार पाण्यात घालू नये! हणमंताने छन्नीने बोटाएवढं बोटाएवढं जपलेलं मी एका बादलीत फोडलं. उरला तो एकच. तो साहेबांना दाखवला. विहिरीच्या तळाचा नमुना, म्हणालो. साहेबांनी तो उन्हात धरला, माझ्या पाठीवर थाप मारली.

आठवड्याने मी गावात गेलो. जायलाच हवं होतं, नेहमी येणारा माणूस अचानक यायचा थांबला तर? चावडीपुढे माणसं जमली होती. मधे हणमंता उभा होता. डोक्याला पागोटं नव्हतं. कुणीतरी ते उडवलं होतं.

काठावर आसरा चारच उरल्या होत्या. तीन जागी नुसते तेलाचे डाग. संशय कुणावर जाणार? गावातल्या माणसावर? हणमंता परका, हणमंता दारुडा, हणमंता थापाड्या. आणि हणमंताच आठ दिवस ओरडत होता की हे दगड जवाहीर आहेत. कुणी म्हणालं, बाजाराच्या दिवशी तो दारू पिऊन पडला होता. कुणी म्हणालं, पडला नव्हता, पडल्याचं सोंग होतं. त्याचं पाल उचकटून पाहिलं होतं, चूल उकरली होती. काही सापडलं नव्हतं. न सापडणं हाच पुरावा झाला — विकून आला!

मला पाहताच हणमंताचा चेहरा उजळला. हे मी विसरू शकत नाही. उजळला. त्याला वाटलं, आपला माणूस आला.

“सांगा साहेब यांना,” तो म्हणाला. “मी कशाला नेईन? द्यायचे असते तर तुम्हालाच दिले नसते का?”

केवढं साधं बोलणं होतं. त्यात सगळा न्याय आला होता. मी फक्त “हो” म्हणायचं होतं. खरं सांगायचंही नव्हतं — नुसतं “हो.”

नाना माझ्याकडे वळले. त्यांनी माझ्यासाठी घोंगडीवर जागा केली. मला बसवलं. हणमंता उभाच.

“मास्तर, तुम्ही शिकेल मानूस,” नाना म्हणाले. “ह्या दगडं कोनी इकत लेस का?”

विकत कुणी घेतं का, एवढंच त्यांनी विचारलं. आणि मी म्हणालो — शहरात अशा दगडांना गिऱ्हाईक असतं. कुणी नेले ते मला माहीत नाही. पण गिऱ्हाईक असतं.

हे ते वाक्य. घ्या. याच्याभोवती मी इतका वेळ घिरट्या घालत होतो. कुणी मला मारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. नानांनी आदराने विचारलं आणि मी आदरणीय माणसासारखा शांतपणे बोललो. “पण” हा शब्दही विचार करून घातला.

हणमंता माझ्याकडे पाहत राहिला. रागाने नाही. ऐकण्यात काहीतरी चुकलंय, अशा चेहऱ्याने. मग त्याने कुणाला न विचारता तडक विहिरीकडे चालायला सुरुवात केली. सगळे मागे. मीही. दोर धरून तो खाली उतरला, गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि दोन्ही हात वर केले. पाण्यात उभं राहून आसरांच्या नावाने घेतलेली शपथ — याच्या पलीकडे आमच्याकडे काही नाही.

“मी नेले असतील तर माझे हात झडोत!” तो ओरडला. “आणि ज्यानं नेले त्याचे झडोत!”

विहिरीने ते पुन्हा म्हटलं. मी काठावर उभा होतो. हात मागे बांधून.

त्या संध्याकाळी त्याचं पाल उठलं. त्याच्या पहारी आणि घण गावाने ठेवून घेतले. पुढच्या साली त्या वावरात दुसरी विहीर झाली, ती दुसऱ्याने केली. मी तिथे गेलो नाही. मला गरज नव्हती. मी कायम झालो होतो.

तुम्हाला वाटत असेल, झालं, हाच मोठा भाग. नाही.

काही महिने गेले. एदलाबादकडच्या एका विहिरीवर हणमंताचा सुरुंग उडाला नाही. वात विझली का पाहायला तो परत गेला, आणि तेव्हा उडाला. उजवा हात मनगटापासून गेला. असं होतं. सुरुंगाच्या कामात असं होतं, दारू ओली असते, वात आतल्या आत धुमसत राहते. यात कुणा आसरांचा संबंध नाही. हे मला कळत होतं. सबंध मुलखात हे नीट कळणारा कदाचित मी एकटाच होतो.

पण बाजारांतून बातमी कशी फिरली? शपथ फळली! पाण्यात उभा राहून खोटं बोलला, आसरांनी हात नेला. नरडाण्यात चहाच्या दुकानात मला एकाने ही बातमी सांगितली, कानाला हात लावून. आणि ती ऐकताक्षणी — आता लिहितो — ती ऐकताक्षणी मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? वाईट? नाही. सुटलो, असं वाटलं. आता कुणी शोधणार नाही. आता देवानेच निकाल दिला.

मी विज्ञान शिकवतो. वर्गात सांगतो, पुराव्याशिवाय काही मानू नका. आणि माझ्या चोरीवर एका भाबड्या समजुतीने पांघरूण घातलं तेव्हा मी ते गळ्यापर्यंत ओढून घेतलं. एक माणूस हात गमावून कुठेतरी विव्हळत असेल, आणि मी दुसरा चहा मागवला. कसला माणूस आहे हा? मी तुम्हाला विचारतो. नको, सांगू नका.

ज्याला आसरांनी शिक्षा केली त्याला कोण विहिरीवर उभं करणार? एका हाताने पहार धरता आली असती कदाचित. पण हात नव्हता म्हणून त्याचं काम गेलं नाही, नाव गेलं म्हणून गेलं. त्याच्या मुलालाही कुणी विहिरीत उतरू देईना. ते यावलकडे गेले, केळीच्या बागांत, घड वाहायला. हे मला माहीत होतं. यावलच्या बसस्टँडवर एकदा मी त्याला पाहिलं. डाव्या हाताने बशीतला चहा पीत होता, बशी हिंदकळत होती. मी वर्तमानपत्र उघडलं आणि त्यामागे बसून राहिलो, बस सुटेपर्यंत. त्या वर्तमानपत्रात काय होतं, मला एक अक्षर आठवत नाही.

दरम्यान तिकडे माझ्या एका दगडाचा लोलक झाला. देशी दगडाचा, चांगला. तो बसवलेला मायक्रोस्कोप आमच्याच कॉलेजात आला, आणि त्यातून पोरं खडकाचे पापुद्रे पाहतात, रंग पाहून ओरडतात. मी शेजारी उभा असतो. तो लोलक चांगला आहे. चीर नाही त्यात.

यंदा आपलं मराठी राज्य झालं, त्या उन्हाळ्यात मी एका कामाने पुन्हा त्या गावात गेलो. नाना थकले होते, मला पाहून डोळे बारीक करून हसले. अक्कांनी ताक दिलं. मी विहिरीकडे पाहिलं नव्हतं, पाहणारही नव्हतो. अक्काच म्हणाल्या, चला, दाखवते. काठावर आसरा सात होत्या. तीन नवे दगड, पांढरे, ओबडधोबड घडवलेले, शेंदूर ताजा.

“शेवट कबूल व्हयना तो,” अक्का म्हणाल्या. “देव कोनले सोडस का?”

हणमंता आला होता, कबूल झाला होता. मागच्या दिवाळीच्या सुमारास. सगळ्यांसमोर काठावर नाक घासून त्याने माफी मागितली. तीन दगड घेऊन आला होता, एका हाताने घडवलेले. म्हणाला, माझ्याकडून झालं, पोराच्या डोक्यावरून हे उतरवा. गावाने त्याच्या पहारी आणि घण परत केले. मोठ्या मनाने! केवढं समाधान होतं अक्कांच्या चेहऱ्यावर. पीडा टळली होती, गोष्ट नीट संपली होती.

मी ताक तसंच काठावर ठेवलं.

माझी चोरी. माझी माफी. तीसुद्धा त्यानेच मागितली होती. माझ्यासाठी करायचं त्या माणसाने काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी भुसावळला गाडीतून उतरलो, यावलची बस धरली. बागेच्या कडेला त्याचं खोपट होतं. हणमंता बाजेवर बसला होता. केस पिकले होते. मला पाहून “अरे, दगडसाहेब!” म्हणाला आणि हसला — तेच हसणं, फक्त घुमलं नाही. यल्लम्मा पाणी घेऊन आली. मी तांब्याला हात लावला नाही. उभ्यानेच सांगितलं. तीन दगड मी नेले.

मग डाव्या हाताने तो आपलं उजवं मनगट — जिथे मनगट संपतं ती जागा — चोळू लागला.

“हात गेला तेव्हा,” तो म्हणाला, “मला वाटायला लागलं, पिऊन होतो मी त्या दिवशी. पिऊन मीच नेले असतील का? कुठं फेकले असतील? किती आठवून पाह्यलं. तापी धुंडाळायची बाकी ठेवली.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “मग मी माफी कशाची मागितली?”

यल्लम्माने तांब्या उचलला आणि त्यातलं पाणी माझ्या तोंडावर फेकलं. हणमंताने तिला अडवलं नाही. त्याने अडवलं असतं तर मी तिथे उभा राहू शकलो नसतो.

“मला सांगून काय उपयोग?” तो म्हणाला. “मला माहीतच होतं मी नेले नाहीत. विसरलो होतो. चल, तिथं सांग.”

नरडाण्यापर्यंत आम्ही गाडीत समोरासमोर बसून आलो. त्याचा मुलगा शेजारी बसला होता. गावात माणसं जमायला वेळ लागला नाही. नानांना उचलून बाजेवर आणलं. अक्का आसरांशेजारी उभ्या राहिल्या. मी बोलायला सुरुवात केली — की त्या काळी बाहेरून असा दगड येणं बंद झालं होतं, देशाला त्याची गरज होती, आणि —

“देश नको सांगू,” हणमंता म्हणाला. “दगड सांग.”

मग मी दगड सांगितले. कोणत्या दिवशी, कसे उचलले, शेंदूर कशाने पुसला, हात कुठे धुतले. दोन कसे फोडले, एक कुठे आहे. कुणीतरी शिवी दिली. नाना मान फिरवून कपाशीकडे पाहू लागले. अक्कांनी पदर तोंडाला लावला नाही, काही नाही. माझ्याकडे सरळ पाहत राहिल्या. ते सगळं झाल्यावर मी हणमंताकडे वळलो आणि म्हणालो —

हणमंता, तीन दगड मी नेले. गिऱ्हाईक असतं असं मी म्हणालो, ते तुला अडकवायला म्हणालो. तुझा हात गेला, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. तू या काठावर जी माफी मागितलीस ती तुझी नव्हती, माझी होती. ती आता मी मागतो.